आमचा रोड फायटर हळू का पळायचा?

हा भाग ज्यांनी कानांनी ऐकला त्यांना मागे सतत एक घूं-घूं आवाज आला असेल. तो माइकचा दोष नाही. मी वारे गावात मामाच्या ओटीवर बसून बोलत होतो, आणि वाऱ्यात वारा असणारच. वाचणारे सुटलात.

आरे-वारे तुम्ही रीलमध्ये नक्की पाहिलं असणार. रत्नागिरीहून किनाऱ्याच्या रस्त्याने गणपतीपुळ्याकडे निघालात की डावीकडे समुद्र येतो, सुरूचं बन येतं, मग गाडी चढाला लागते आणि वरच्या वळणावर सगळे ब्रेक मारून फोटो काढतात. ते ठिकाण. माझ्यासाठी मात्र ते लहानपणी मे महिन्याचं ठिकाण होतं: आंबे, पोहणं आणि व्हिडिओ गेम. आजचा विषय त्यातला तिसरा. एकाच गेमबद्दल बोलायचंय, रोड फायटर. लाल गाडी, वरून दिसणारा रस्ता, संपत जाणारं पेट्रोल.

सुरुवात एका अपमानापासून करतो.

गेल्या वर्षी मी तो हातात मावणारा रेट्रो कन्सोल घेतला. स्क्रीन छोटी, आत हजारो जुने गेम भरलेले. पहिल्याच रात्री रोड फायटर लावला आणि पहिल्या टप्प्यात तीनदा मेलो. दुसऱ्या टप्प्यात पेट्रोल संपलं. मंडळी, मी हा गेम वयाच्या दहाव्या वर्षी शेवटपर्यंत खेळलेला माणूस आहे! चारही टप्पे. साक्षीदार आहेत. आणि आता समोरची निळी गाडी आडवी येते हे डोळ्यांना दिसतं, पण अंगठा पोचेपर्यंत धडक झालेली असते. मी स्वतःला समजावलं: वय झालं, चष्मा लागला, अंगठे आता फक्त स्क्रोल करायच्या कामाचे उरले. दोन दिवस खरंच वाईट वाटलं.

खरं कारण वेगळं होतं, आणि ते शोधता शोधता जे हाती लागलं त्यासाठी हा भाग.

आधी गेमची जन्मकथा. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १५ जुलै १९८३ ला फॅमिकॉम हा घरगुती कन्सोल आणला, किंमत १४,८०० येन. आत आठ बिटचा प्रोसेसर, कामाची मेमरी फक्त दोन किलोबाइट. तुमच्या व्हॉट्सॲपवर येणारा गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्या कितीतरी पट मोठा असतो. रोड फायटर कोनामी कंपनीचा. ही कंपनी १९६९ साली ओसाकात ज्यूकबॉक्स भाड्याने देण्याच्या आणि दुरुस्त करण्याच्या धंद्यातून उभी राहिली. रोड फायटर १९८४ मध्ये आधी नाणं टाकून खेळायच्या मशीनवर आला आणि १९८५ मध्ये फॅमिकॉमवर.

रेसिंगच्या गेममध्ये तोवर दोन घराणी झाली होती. एकात तुम्ही गाडीच्या मागून रस्ता बघता, रस्ता क्षितिजाकडे निमुळता होत जातो. नामकोचा १९८२ चा पोल पोझिशन हा त्यातला दादा गेम. फॅमिकॉमवर त्या धर्तीचा एफ-वन रेस १९८४ मध्ये आला. त्याचं प्रोग्रामिंग सातोरू इवाता यांनी केलं, जे पुढे निन्टेन्डोचे अध्यक्ष झाले. तो गेमही आपल्याकडच्या कॅसेटींत असायचा, आणि वळणावर गाडी कडेच्या पाटीवर आपटून माझी नेहमी वाट लागायची. दुसऱ्या घराण्यात तुम्ही वरून, घारीसारखे बघता. रोड फायटर तिथला. फॅमिकॉमला पडदा सरळ वरून खाली सरकवणं अगदी सोपं जायचं. रस्ता म्हणजे सरकणारी चित्राची पट्टी, गाड्या म्हणजे तिच्यावर वेगळी ठेवलेली छोटी चित्रं. दोन किलोबाइटमध्ये संसार असाच होतो.

पण मला आता मोठेपणी त्यातली गंमत वेगळीच दिसली. रोड फायटरमध्ये रेस नाहीच. पहिला नंबर, दुसरा नंबर, काही नाही. पिवळ्या गाड्या आपल्या वाटेने जातात, काही गाड्या मुद्दाम आडव्या येतात, ट्रक, रस्त्यावर सांडलेलं तेल. तुम्हाला मोजक्या जिवांची उधारीही नाही. कितीही आपटा, गाडी पुन्हा उभी राहते, पण दरवेळी पेट्रोल कमी होतं. सगळी शर्यत पेट्रोलशी. मध्येच एक रंगीबेरंगी गाडी येते, ती पकडली की टाकी थोडी भरते. ज्या घरात मामा स्कूटर उतारावर बंद करून सोडायचा, त्या घरातल्या पोरांना हे कुणी समजावून सांगायला लागलं नाही.

आता हा जपानी गेम वाऱ्यात कसा आला?

कोनामीने तो आपल्याकडे पाठवला नव्हता. अमेरिकेतही त्या काळात घरगुती कन्सोलवर तो विकला गेला नाही. युरोपात आला तो १९९२ मध्ये. आपल्याकडे आला तो नकलेच्या वाटेने. तैवानमध्ये फॅमिकॉमच्या चिपांच्या नकला तयार होऊ लागल्या आणि नव्वदच्या दशकात त्यांच्यावर चालणारे स्वस्त कन्सोल अर्ध्या जगात पसरले. रशियात त्याचं नाव डेंडी, पोलंडमध्ये पेगासस, चीनमध्ये सुबोर, आणि तो तर कीबोर्ड लावून अभ्यासाचं यंत्र म्हणून विकला गेला. (आईबाबांना पटवायची ही युक्ती जगभर सारखीच.) भारतात समुराई, मीडिया अशी नावं तुमच्या मोठ्या भावंडांना आठवत असतील. नावं खूप होती, काही डब्यांवर तर नावच नव्हतं. मुंबईला लॅमिंग्टन रोडवर असे डबे रांगेने मांडलेले असायचे.

आमचा डबा मामाने मुंबईहून आणला. कोकण रेल्वे १९९८ च्या जानेवारीत पूर्ण सुरू झाली. त्याच्या आधीच्या मे महिन्याची ही गोष्ट, म्हणजे १९९७. रात्रभर एस.टी.च्या लाल डब्यात मांडीवर घेऊन आणलेला हा पांढरा डबा. दोन रिमोट (कंट्रोलर हा शब्द आम्हाला माहीत नव्हता), एक बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. तिच्यावर लिहिलेलं ९९९९९-इन-१. आम्ही खरंच मोजायला बसलो होतो. माझा मामेभाऊ, मी त्याला दादा म्हणतो, त्याने दुसऱ्याच दिवशी जाहीर केलं की मेल्या, हे सगळे तेच तेच आहेत. तिसऱ्या पानानंतर मारिओ पुन्हा येतो, फक्त नाव बदलून आणि दुसऱ्या जगापासून सुरू होऊन.

दादा बरोबर होता, आणि त्यामागचं कारण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे. फॅमिकॉमच्या सुरुवातीच्या वर्षांतले गेम जास्तीत जास्त ४० किलोबाइटमध्ये बसायचे आणि कॅसेटमध्ये कुठली जास्तीची चिप लागायची नाही. नंतरचे मोठे गेम, म्हणजे मारिओ ३ वगैरे, त्यांना कॅसेटमध्येच खास चिप लागायची. ती नक्कल करायची म्हणजे खर्च. मग नक्कल करणाऱ्याने साधा हिशोब केला: १९८३ ते ८५ मधले छोटे, सुटसुटीत गेम घ्या, एका कॅसेटीत कोंबा, वर मेनू लावा. म्हणून अमेरिकेतली १९९७ ची मुलं प्लेस्टेशनवर थ्री-डी गाड्या पळवत होती तेव्हा आपण एक्साइटबाइक, एफ-वन रेस, बॅटल सिटी आणि रोड फायटर खेळत होतो. बारा-बारा वर्षं जुने गेम, आपल्यासाठी नवेकोरे. १२८ किलोबाइटच्या कॉन्ट्रासाठी वेगळी कॅसेट घ्यावी लागायची ती याच हिशोबामुळे. आपल्या पिढीचे क्लासिक कुठले हे कुठल्या समीक्षकाने ठरवलं नाही. मेमरी चिपच्या भावाने ठरवलं.

२०१६ मध्ये निन्टेन्डोने स्वतःच जुन्या कन्सोलची छोटी आवृत्ती काढली, आत निवडक ३० गेम. जपानसाठी एक यादी, अमेरिका-युरोपसाठी दुसरी. एक्साइटबाइक दोन्हींत आहे. रोड फायटर एकाही यादीत नाही. त्यांच्या इतिहासात तो नाहीच म्हटलं तरी चालेल. आपल्याकडे गाडीचा गेम म्हटलं की हाच!

आता माझ्या अपमानाकडे परत.

या मे महिन्यात वाऱ्याला आलो तो रेट्रो कन्सोल खिशात घेऊनच. दादाला दिला. हा आमच्या घरातला खरा चॅम्पियन. आता पर्यटकांची गाडी चालवतो, रत्नागिरी ते गणपतीपुळे, आणि वाऱ्याच्या त्या चढावर तीसच्या पुढे जात नाही. त्याने दोन मिनिटं खेळून परत दिला आणि म्हणाला, "हा आपला नाही. ह्याला कुणीतरी पळवतंय."

मी हसलो. त्याने माळ्यावरून डबा काढला.

तो चालू करण्याची कहाणी थोडक्यात सांगतो, कारण ती दोन दिवस चालली. समुद्राचा खारा वारा तांब्या-पितळेला सोडत नाही. कॅसेटच्या पिना हिरव्या पडलेल्या. लहानपणी आम्ही फुंकर मारायचो. तुम्हीही मारली असेल तर ऐका, तोंडातली वाफ त्या पिनांना आणखी गंजवते. गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत बसवल्यामुळे. यावेळी खोडरबर आणि स्पिरिट वापरलं. अडॅप्टर मेलेला होता, तसाच नऊ व्होल्टचा दुसरा बाजारातून आणला. डब्याच्या आत पाहिलं तर जवळजवळ सगळं एका काळ्या डांबरासारख्या ठिपक्याखाली, वर ना नाव ना नंबर. टीव्हीला लाल-पिवळ्या वायरी जोडल्या. पहिला दिवस नुसते चट्टेपट्टे. दुसऱ्या दिवशी दुपारी, जेवणं झाल्यावर, मेनूचं ते संगीत वाजलं आणि मामी आतून ओरडली, "आला का परत तुमचा भोंगा!"

बंदूक आता चालणार नाही, हे आधीच सांगतो. ती जुन्या काचेच्या टीव्हीवरच चालते. बदकं सुटली.

रोड फायटर लावला. मी पहिला टप्पा एका दमात पार केला. दुसराही. हात आपोआप वळत होते. मग दादा म्हणाला ते खरं की काय म्हणून आम्ही फोनवर स्टॉपवॉच लावलं. दोन्हीकडे पहिला टप्पा, न आपटता, पूर्ण वेगात, रस्ता अरुंद होतो त्या एकाच जागेपर्यंत. नव्या यंत्रावर २० सेकंद. माळ्यावरच्या डब्यावर २४.

पडद्यावर वेगाचा आकडा दोन्हीकडे ४०० च.

२० ला २४, म्हणजे पाचास सहा. हे गुणोत्तर दिसलं आणि डोक्यात दिवा लागला. ५० आणि ६०!

टीव्हीचं चित्र सेकंदाला ठराविक वेळा नव्याने रेखाटलं जातं. अमेरिकेत आणि जपानमध्ये जुनी टीव्ही पद्धत ६० वेळाची. आपली, युरोपसारखी, ५० वेळाची. १९८२ च्या आशियाई खेळांच्या वेळी दूरदर्शन रंगीत झालं तेही याच ५० च्या पॅल पद्धतीत. मुळात हे आकडे आले त्या त्या देशातल्या विजेच्या वारंवारतेवरून. (जपानची मजा अशी की तिथे अर्ध्या देशात वीज ५० ची, अर्ध्या देशात ६० ची. टीव्ही मात्र सगळीकडे ६० चा.)

आता फॅमिकॉमच्या गेमला स्वतःचं घड्याळ नसतं. चित्र एकदा रेखाटून झालं की चित्राची चिप प्रोसेसरला टिचकी मारते: झालं, पुढचं पाऊल टाक. प्रत्येक टिचकीला रस्ता थोडा सरकतो, गाड्या थोड्या हलतात, संगीताचा पुढचा स्वर येतो. जपानमध्ये सेकंदाला ६० टिचक्या. आपल्या टीव्हीसाठी बनवलेल्या नकली डब्यात ५०. गेमला फरक कळत नाही, तो आपल्या टिचक्या मोजत बसतो. पण खेळणाऱ्या पोराला समोरची गाडी चुकवायला जपानी पोरापेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो. जिथे त्याला अर्धा सेकंद, तिथे आपल्याला ०.६. रोड फायटरमध्ये त्या दशांश सेकंदात संसार वाचतो.

म्हणजे मी दहाव्या वर्षी जो गेम जिंकलो होतो तो कोनामीने केलेल्या गेमपेक्षा सोपा होता. हे पचायला मला वेळ लागला. दादाला अजिबात नाही. त्याचं म्हणणं, आपण आपल्या रस्त्यावर जिंकलो.

अजून एक बारीक गोष्ट. युरोपात निन्टेन्डोचा जो अधिकृत कन्सोल होता, त्यातही ५० च टिचक्या, पण त्याचा प्रोसेसरही हळू, त्यामुळे संगीताचा सूरही खाली उतरायचा. तैवानच्या यूएमसी कंपनीच्या नकली चिपांनी वेगळी तोड काढली. प्रोसेसर जवळजवळ जपानी वेगाचा ठेवला आणि टिचक्या तेवढ्या ५० केल्या. परिणाम असा की सूर जवळपास तोच, लय मात्र उतरलेली. गाणाऱ्यांना हे लगेच कळेल: पट्टी तीच, तबलजी दमलेला. आमच्या ठिपक्याखाली नेमकी कुठली चिप आहे ते फोडल्याशिवाय दिसणार नाही, आणि फोडायला दादा देणार नाही. पण कानाला ऐकू आलं ते असंच होतं. मेनूचं संगीत दोन्ही यंत्रांवर एकापाठोपाठ लावून आम्ही ओटीवर दहा वेळा ऐकलं. अकराव्या वेळी मामीने मेन स्विच बंद केला.

आणि आता ज्याच्यासाठी मी हा भाग करायचं ठरवलं ते. जुने गेम चालवणारी जी सॉफ्टवेअर असतात, एफसीईयूएक्स, मेसेन वगैरे, त्यांच्या सेटिंगमध्ये प्रदेश निवडायची सोय असते. एक पर्याय अमेरिका-जपानचा. दुसरा युरोपचा. तिसऱ्याचं नाव डेंडी. त्या रशियन नकली कन्सोलचं नाव! रशियातल्या पोरांनी मोठी झाल्यावर आपल्या डब्याचा वेग, त्याच्या टिचक्या, त्याचा प्रोसेसर सगळं मोजून नोंदवलं, म्हणून ती सोय झाली. मी लॅपटॉपवर तो पर्याय निवडला, रोड फायटर लावला, स्टॉपवॉच धरलं. २४ सेकंद.

वाऱ्याच्या ओटीवरचं माझं लहानपण मला एका रशियन नावाखाली सापडलं. छान वाटलं, आणि थोडं लागलंही. कारण आपल्या डब्यांबद्दल असं कुणी बसून मोजलेलं मला कुठे दिसलं नाही. आपण ते भंगारात दिले. त्यातल्या बऱ्याच कॅसेटींत तर मूळ कंपनीचं नावही पडद्यावरून पुसलेलं असायचं, आणि मेनूमध्ये गेमची नावं कुणीतरी मनाला येईल तशी टाकलेली. कुठल्या डब्याबरोबर कुठली कॅसेट आली, आत कुठले गेम होते, ही माहिती आता फक्त त्या कॅसेटींतच आहे, आणि कोकणातल्या हवेत पिना फार टिकत नाहीत.

म्हणून एक काम. घरात, माळ्यावर, आजोळी असा डबा असेल तर टाकू नका. चालू झाला तर मेनूच्या प्रत्येक पानाचा फोटो काढा. नाही झाला तर कॅसेटच्या पुढून, मागून काढा. मला पाठवा. मी यादी करायला घेतलीय, पहिली नोंद वाऱ्याच्या पिवळ्या कॅसेटची. ९९९९९ पैकी वेगळे गेम किती निघाले सांगू? एकतीस.

शेवटच्या दिवशी दादाच्या मुलाला बसवलं. वय नऊ. माझा डाव असा होता की हा दोन्ही यंत्रांवर खेळेल, नव्यावर हरेल, जुन्यावर जिंकेल आणि माझा सिद्धांत पक्का होईल. त्याने आधी डबा घेतला. अर्ध्या मिनिटात म्हणाला, "काका, हे लॅग होतंय का?" मग हातातला कन्सोल घेतला आणि ज्या वेगाला मी तीनदा मेलो त्या वेगाने पहिला टप्पा पार करून गेला. ५० आणि ६० चं सगळं खरं आहे मंडळी, पण माझ्या अंगठ्यांबद्दल मी आता काही बोलत नाही.

दादाला गणपतीपुळ्याचं भाडं होतं. निघता निघता तो दाराशी थांबला, कारण पोरगा पुढच्या टप्प्यात शिरला होता, रस्त्याच्या एका बाजूला निळं पाणी आलं होतं, आणि बराच वेळ न आपटता खेळलं की कडेने एक माणूस हवेत उडत वर जातो, तो दिसला. आम्ही त्याला सुपरमॅन म्हणायचो. मी पोराला सांगितलं, अरे, तो सुपरमॅन नाही, कोनामी मॅन आहे, कंपनीचा माणूस.

"सुपरमॅनच आहे तो," दादा म्हणाला आणि गाडीची किल्ली घेऊन गेला.